निवळीचे सूक्ष्म कण : दाबाचें काम आणि आकाराचें महत्त्व

पनीर, चक्का अथवा चीज करणाऱ्या प्रत्येक कारखान्यांत रोज एक प्रश्न उभा राहतो : निवळीचें काय करावयाचें? दहा लिटर दुधाचें चीज केलें तर सुमारें एक किलो चीज हातीं लागतें आणि नऊ लिटर निवळी मागें उरते. ही निवळी कोणी गुरांस पाजतात, कोणी कणीक भिजविण्यास नेतात. परंतु पुष्कळ ठिकाणीं ती सरळ गटारांत अगर ओढ्यांत सोडली जाते. अलीकडे या निवळीसंबंधानें एक नवीन गोष्ट कानावर येऊं लागली आहे. निवळींतील प्रथिनें प्रचंड दाबाच्या साहाय्यानें थिजवून त्यांचे डोळ्यांस न दिसणारे कण करतात, त्या कणांस हवा तसा आकार देतात आणि लोण्याच्या वा सायीच्या जागीं ते खाद्यपदार्थांत घालतात, असें सांगितलें जातें. मग आपल्या सहकारी दूधसंस्थांनीं हा धंदा कां करूं नये, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ही कृति मुळांत काय आहे हें नीट समजून घेणें अवश्य आहे. कारण यंत्र विकणारा यंत्राचे गुण आधीं सांगतो, आणि त्यास कच्चा माल कोणता लागतो हें शेवटीं सांगतो.

खरवसांत दडलेलें शास्त्र

घरीं गाय वा म्हैस व्याली म्हणजे खरवस होतो. चिकांत गूळ व वेलदोडा घालून तो वाफेवर ठेविला कीं थोड्या वेळानें त्याची वडी पडते. साधें दूध कितीहि उकळलें तरी असें थिजत नाहीं. तें नुसतें आटतें. हा भेद कशामुळें पडतो?

दुधांतील प्रथिनांचे दोन वर्ग आहेत. सुमारें चार पंचमांश भाग केसीनचा असतो. तें आंबटपणानें अगर रेनेटानें गोठून वेगळें होतें. उरलेला एक पंचमांश भाग निवळींत विरघळून राहणाऱ्या प्रथिनांचा होय. उष्णतेनें थिजण्याचा गुण या दुसऱ्या वर्गांत आहे. साध्या दुधांत हीं प्रथिनें शेंकडा एकाहूनहि कमी असतात, म्हणून दूध थिजत नाहीं. चिकांत तीं कित्येक पटींनीं अधिक असतात, म्हणून खरवस थिजतो.

निवळींतील मुख्य प्रथिनास बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन असें नांव आहे. त्याचा प्रत्येक रेणु म्हणजे १६२ दुव्यांची एक सांखळी असून ती सुताच्या गुंड्याप्रमाणें घट्ट गुंडाळलेली असते. सत्तर अंशांच्या वर उष्णता गेली कीं हा गुंडा उकलूं लागतो. त्याच्या पोटांत दडलेला गंधकयुक्त भाग उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूशीं सांधला जातो. असे असंख्य सांधे जुळून एक जाळें तयार होतें, व त्या जाळ्याच्या घरांत पाणी अडकून बसतें. या पाणी धरून ठेवणाऱ्या जाळ्यासच शास्त्रांत जेल म्हणतात. खरवस, शिजलेल्या अंड्याचा बलक व पांढरा भाग, आणि आगर-आगरची वडी हीं सर्व जेलचींच रूपें होत. अशा जेलचा कण केंसाच्या जाडीहूनहि बारीक असला म्हणजे त्यास मायक्रोजेल म्हणावयाचें. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर तो एक सूक्ष्म खरवसच होय.

उष्णतेवांचून थिजविणें

गुंडा उकलण्यास उष्णताच पाहिजे असें नाहीं. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया येथील शेतकी प्रयोगशाळेंत बर्ट हाइट यांनीं १८९९ मध्यें दुधावर मोठा दाब देऊन तें अधिक काळ टिकतें असें दाखविलें. पुढें १९१४ मध्यें पर्सी ब्रिजमन या पदार्थवैज्ञानिकानें कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक कित्येक हजार वातावरणांच्या दाबाखालीं ठेविला. तेव्हां आंच न लावतां तो उकडलेल्या अंड्यासारखा थिजला. याच ब्रिजमन यांस त्यांच्या दाबविषयक संशोधनाबद्दल १९४६ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ही युक्ति बाजारांत येण्यास बराच काळ जावा लागला. जपानमध्यें १९९० सालीं दाबानें टिकविलेले फळांचे मुरंबे विकावयास आले, आणि तेथून या धंद्यास खरा आरंभ झाला.

आज या कामांत साधारणतः वातावरणाच्या दाबाच्या ४००० ते ६००० पट दाब वापरतात. समुद्राच्या सर्वांत खोल जागीं जो दाब असतो त्याच्याहि हा सुमारें चार ते साडेपांच पट झाला. पदार्थ लवचिक पिशवींत बंद करून जाड पोलादी नळकांड्यांत ठेवितात, भोंवतीं पाणी भरतात, व तें पाणी पंपानें दाबतात. दाब सर्व बाजूंनीं सारखाच पडत असल्यामुळें द्राक्षाचा मणीहि त्यांत चिरडत नाहीं. मात्र आंतील प्रथिनावर निराळाच परिणाम होतो. गुंडाळलेल्या रेणूंत लहान लहान पोकळ्या असतात. दाब वाढला कीं पाणी त्यांत शिरतें आणि रेणु उकलतो, कारण उकललेल्या स्थितींत सर्वांचें मिळून आकारमान कमी होतें. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या बाबतींत हळवें आहे. त्याच्याच सोबतचें आल्फा-लॅक्टल्ब्युमिन, ज्यांत गंधकाचे चार सांधे आहेत, तें पुष्कळच अधिक दाब सोसतें.

या रीतीचा मोठा गुण असा कीं, दाबानें रेणूंच्या आंतील बळकट रासायनिक बंध तुटत नाहींत. म्हणून रंग, सुवास व जीवनसत्त्वें यांसारख्या लहान रेणूंच्या वस्तूंस फारसा धक्का पोंचत नाहीं. ताप मात्र थोडाच चढतो. दर १००० पट दाबामागें पाण्याचें तपमान सुमारें तीन अंश वाढतें, आणि दाब सोडतांच तें उतरतेंहि. परंतु दाबानें थिजलेली वडी उष्णतेनें थिजलेल्या वडीइतकी घट्ट बहुधा नसते. शिवाय द्रावण पुरेसें दाट, म्हणजे प्रथिनाचें प्रमाण शेंकडा दहा वा अधिक असेल, तरच सबंध वडी नीट पडते. ही शेवटची अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें हिशेबाच्या वेळीं तिचें काम पडेल.

दाबाचें दुसरें काम

येथवर वडी झाली, कण झाले नाहींत. कण करण्यासाठीं दाबाचा उपयोग अगदीं वेगळ्या प्रकारें करतात, आणि या दोन प्रकारांत लोकांचा नेहमीं घोंटाळा होतो. पहिल्या प्रकारांत पदार्थ एका जागीं स्थिर असतो व दाब चोहोंकडून पडतो. दुसऱ्या प्रकारांत दाबाच्या जोरानें पदार्थ एका अतिशय अरुंद फटींतून जोरानें बाहेर ढकलला जातो. या यंत्रास होमोजिनायझर म्हणतात. फ्रान्समधील ऑगस्त गोलॅं यांनीं १८९९ मध्यें त्याचें पेटंट घेतलें आणि १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तें लोकांपुढें मांडलें. दुधावर साय येऊं नये म्हणून स्निग्धाचे थेंब बारीक करणें हा त्याचा मूळ उद्देश. आजहि मोठ्या दूधकारखान्यांत तेंच काम वातावरणाच्या दीडशें ते अडीचशें पट दाबानें चालतें.

जेलचे तुकडे करावयाचे असले म्हणजे दाब अधिक लागतो व तो कित्येकदां हजार पटींपर्यंत वा त्याहूनहि वर नेतात. इतक्या दाबानें फटींतून सुटणाऱ्या द्रवाचा वेग हिशेबानें सेकंदास ४०० मीटरांहून अधिक होतो. या वेगाच्या फरकानें वडी फाटते, ओढली जाते व तिचा चुरा होतो. येथें मात्र सर्व जोर घर्षणांत खर्च होत असल्यामुळें ताप बराच चढतो. दर १००० पट दाबास सुमारें चोवीस अंश. म्हणून फटीच्या पुढेंच थंड पाण्याची नळी बसवावी लागते. थोडक्यांत सांगावयाचें तर, स्थिर दाब थिजवितो आणि फट आकार देते. दोन्ही कामें दाबानेंच होतात, परंतु यंत्रें दोन आहेत.

आकाराला इतकें महत्त्व कां?

ज्वारीचे दाणे पाटीतून ओततां येतात. कडबा ओततां येत नाहीं. तेवढ्याच वजनाचा कडबा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि ताटें एकमेकांत गुंतून गंजी उभी राहते. कणांच्या बाबतींतहि हेंच घडतें. गोल कण एकमेकांवरून घरंगळतात. ते पुष्कळ भरले तरच पदार्थ दाट होतो. लांबट तंतूंसारखे, चपटे अथवा कोनाकोनाचे कण थोडे असले तरी एकमेकांत अडकतात व पातळ पाण्यास चमच्यावर उभें राहण्याइतकें दाटपण आणतात. म्हणजे द्रव्य तेंच, वजन तेंच. परंतु आकार बदलला कीं पदार्थ बदलला.

जिभेचाहि विचार करावा लागतो. कण सुमारें एक ते तीन मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असले, तर जिभेस ते वेगवेगळे कळत नाहींत आणि साय खाल्ल्याचा भास होतो. कठीण व धारदार कण वीस-तीस मायक्रॉनांच्या वर गेले कीं रवाळ लागूं लागतात. मऊ व पाणीदार कणांस मात्र थोडी अधिक सूट मिळते. शिजलेला वरणाचा डाळदाणा जिभेस खुपत नाहीं, पण वाळूचा खडा लगेच खुपतो, तसें हें आहे.

आकार देण्याच्या मुख्य रीति चार आहेत. पहिली, द्रावण थेंबथेंब सोडून थिजविणें. यानें मण्यांसारखे गोल कण मिळतात. दुसरी, निवळीच्या प्रथिनांचें पातळ द्रावण आंबटपणा नेमका राखून तापविणें. मग अतिसूक्ष्म गोल कण आपोआप जमतात. तिसरी, आधीं वडी पाडून ती फटींतून दाबणें. यानें कोनाकोनाचे, ओबडधोबड तुकडे होतात. चौथी व सर्वांत युक्तीची रीत म्हणजे जेल थिजत असतांनाच तो ढवळणें अगर फटींतून नेणें. अशा वेळीं जाळें एकसंध होऊं पाहतें आणि प्रवाह त्यास फाडीत राहतो. त्या झटापटींत शेंपटीदार, तंतुमय कण जन्मास येतात.

या चौथ्या रीतीस समुद्रशेवाळापासून निघणारें अल्जिनेट फार सोयीचें पडतें. तपकिरी शेवाळांतील हें द्रव्य स्कॉटलंडमध्यें एडवर्ड स्टॅनफर्ड यांनीं १८८१ च्या सुमारास उजेडांत आणलें. चुन्यांतील कॅल्शियम मिळतांच अल्जिनेट आंचेवांचून तत्काळ थिजतें. म्हणून अल्जिनेट व कॅल्शियम यांची गांठ ऐन फटींतच घालून दिली तर थिजणें व फाटणें हीं एकाच क्षणीं होतात.

घरीं करून पाहण्याजोगा प्रयोग

वरील गोष्ट वाचून पटण्यापेक्षां करून पाहिलेली बरी. बाजारांत चायना ग्रास या नांवानें आगर-आगर मिळतें. तें समुद्रशेवाळापासूनच काढतात. अर्धा लिटर पाण्यांत चार-पांच ग्रॅम आगर भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळावें व तें दोन भांड्यांत सारखें वांटावें. एक भांडें तसेंच निवूं द्यावें. दुसरें थंड पाण्यांत ठेवून रवीनें न थांबतां घुसळीत राहावें, आणि तें हातास पूर्ण गार लागेपर्यंत हात थांबवूं नये. पहिल्या भांड्यांत सुरीनें कापण्याजोगी वडी पडेल. दुसऱ्यांत मात्र कढीसारखें दाट, परंतु ओततां येणारें मिश्रण होईल. पाणी तेंच, आगर तेंच. घुसळल्यानें सबंध वडीचे असंख्य बारीक कण झाले, एवढाच भेद. कारखान्यांत जें काम फट करते तें येथें रवीनें केलें.

उपयोग आणि मर्यादा

निवळीच्या कणांचा पहिला गाजलेला माल म्हणजे अमेरिकेंतील सिंप्लेस. तो १९८८ मध्यें जाहीर झाला आणि १९९० मध्यें तेथील अन्न व औषधि खात्यानें त्यास मान्यता दिली. दूध व अंडें यांतील प्रथिनें तापवीत असतांनाच जोरानें ढवळून त्याचे सुमारें एक मायक्रॉनचे गोल कण केले जात, व ते आइस्क्रीमसारख्या थंड पदार्थांत स्निग्धाच्या जागीं घालीत. स्निग्धाच्या एका ग्रॅमापासून नऊ कॅलरी मिळतात. या कणांत बहुतेक भाग पाण्याचाच असल्यामुळें त्यांपासून त्याच्या अंशमात्रच मिळतात. पुढें कमी स्निग्धाचें दहीं, चीज, सॅलडवरील घट्ट रस यांतहि अशा कणांचा प्रवेश झाला.

तथापि हे कण म्हणजे लोणी नव्हे. त्यांत तळतां येत नाहीं, कारण आंचेनें ते कठीण होतात. लोण्यांत विरघळणारा सुवास त्यांत तितका मुरत नाहीं. ज्यांस दुधाचें प्रथिन सोसत नाहीं अशा लोकांना तेहि सोसणार नाहींत. म्हणून वेष्टनावर त्यांचा उल्लेख स्पष्ट असलाच पाहिजे. आणि असे कण घालून पातळ दूध वा दहीं दाट भासविणें ही शुद्ध भेसळ होय, मग तें शास्त्र कितीहि नवें असो.

आपल्या निवळीचें काय?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्याकडे निवळी मुख्यतः पनीर व चक्का यांपासून निघते. पनीरासाठीं दूध सुमारें नव्वद अंशांपर्यंत तापवितात, आणि चक्क्याचें दूधहि उकळलेलेंच असतें. त्या तापानें बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आधींच उकलून केसीनला चिकटतें व दूध फाडतांना पनीराबरोबरच निघून जातें. पनीराचा उतारा वाढतो तो कांहीं अंशीं यामुळेंच. मागें उरलेल्या निवळींत थिजण्याजोगें प्रथिन फारच थोडें राहतें, आणि जें राहतें त्याचाहि पुष्कळ भाग शिजून गेलेला असतो. एकदां उकडलेलें अंडें पुन्हां उकडून थिजवितां येत नाहीं. म्हणजे सूक्ष्म कणांचा कच्चा माल म्हणून पनीराची व चक्क्याची निवळी जवळजवळ निरुपयोगी होय. या कामास रेनेटानें केलेल्या चीजची निवळीच लागते. कारण चीजचें दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद एवढेंच तापविलेलें असतें.

चीजची निवळी आहे असें धरून चालूं. तिच्यांत प्रथिन शेंकडा सुमारें ०.६ ते ०.७. हजार लिटर निवळींत तें सहा-सात किलो झालें. शेंकडा दहाचें दाट द्रावण करावयाचें तर गाळपडद्याच्या यंत्रानें त्या हजार लिटरांचे साठ-सत्तर लिटर करावे लागतील. बाकीच्या नऊशें तीस लिटरांत चाळीस किलोंहून अधिक दुग्धशर्करा तशीच राहील, आणि ओढ्याचें पाणी बिघडविणारी मुख्य वस्तु तीच आहे. निवळीचा प्राणवायु शोषण्याचा जोर गांवच्या सांडपाण्याच्या सुमारें शंभरपट असतो. ती ओढ्यांत गेली कीं मासे गुदमरून मरतात. प्रथिन काढून घेतल्यानें हा उपद्रव टळत नाहीं. मग गाळपडद्याचें यंत्र, दाबाचें पोलादी नळकांडें, होमोजिनायझर व शीतगृह एवढा पसारा साठ लिटर द्रावणासाठीं मांडणें लहान संस्थेस परवडेल काय, हें सभासदांनींच ठरवावें.

तूर्त काय करावें?

१. संस्थेपुढें अशा यंत्राची योजना आली तर प्रथम तीन प्रश्न विचारावे : निवळी कोणत्या पदार्थाची, तिचें दूध किती तापविलेलें, आणि रोज किती हजार लिटर? या तिहींचीं उत्तरें आंकड्यांत मिळेपर्यंत सही करूं नये.

२. चीज करणाऱ्या संस्थांनीं निवळी त्वरित थंड करून व स्वच्छ ठेवून ती एकत्र केली, तर मोठ्या मध्यवर्ती कारखान्यास ती प्रथिनासाठीं विकतां येण्याजोगी होते. आंबलेल्या निवळीस ती किंमत येत नाहीं.

३. पनीराची निवळी प्रथिनासाठीं नव्हे तर दुग्धशर्करा व क्षार यांसाठीं उपयोगी आहे. कणीक भिजविणें, आमटी वा सरबतांत घालणें हे उपयोग खर्चावांचूनचे होत. गुरांस ती ताजीच द्यावी व मात्रा हळूहळू वाढवावी. तिच्या जोडीस वैरण व स्वच्छ पाणी राहिलेंच पाहिजे. ओढ्यांत मात्र ती एक घागरहि सोडूं नये.

४. संत्रें-मोसंबींचा रस काढणाऱ्या बागाईतदारांनींहि या विषयाकडे लक्ष द्यावें. फळाच्या सालींतील व गरांतील तंतु होमोजिनायझरच्या फटींतून नेले असतां ते फुलून पुष्कळ पाणी धरतात. अमेरिकेंत १९८३ मध्यें लांकडाच्या लगद्यावर अशीच क्रिया करून त्याचा दाट जेल केल्याचें प्रसिद्ध झालें. येथें स्थिर दाबाचें नळकांडें लागत नाहीं व तंतु आधीं शिजला तरी बिघडत नाहीं; म्हणून आपल्या परिस्थितीस हा मार्ग अधिक जवळचा वाटतो.

नवीन शास्त्राचा तिरस्कार करणें जितकें अहिताचें, तितकेंच त्याच्या नांवानें भुलून जाणेंहि अहिताचें. प्रथिनाच्या गुंड्यास उकलणारा दाब आणि त्याच्या वडीस आकार देणारी फट या दोन्ही गोष्टी खऱ्या व उपयुक्त आहेत. परंतु चुलीवर नव्वद अंश तापलेल्या दुधास आपण काय करून बसलों, हें त्या यंत्रास कळत नाहीं. तें आपणांसच कळलें पाहिजे.